विश्लेषण : शेतात केळी पिकते, मग हिंगोलीच्या अंगणात केळ का सडते?

वसमत तालुक्यातील गिरगाव, कुरुंदा या पट्ट्यातून केळीचे ट्रक भरून बाहेर जातात. तिथून पन्नासेक किलोमीटरवर हिंगोली शहरात घरामागे दोन-चार केळी लावणाऱ्यांचा अनुभव मात्र बरेचदा उलटा असतो. जूनमध्ये लावलेले रोप जुलैत तरारते, ऑगस्टमध्ये खालची पाने पिवळी पडू लागतात आणि गणपती येईपर्यंत बुंधा हाताने हलवला तरी उपटून येतो.

आमच्या घरामागे हे दोनदा झाले. दोन्ही वेळा दोन फूट खोल खड्डा घेतला होता, शेणखत भरले होते, नदीकाठची माती आणून टाकली होती. तरीही कंद कुजला. ‘आपली माती केळीला चालतच नाही’ असे म्हणून घरच्यांनी तो विषय बंद केला. पण हीच काळी माती जिल्ह्यात केळीही पिकवते आणि हळदही. मग अंगणात नेमके बिघडते काय? बहुतेक वेळा मातीपेक्षा खड्डाच जास्त दोषी असतो. तो कसा आणि त्यावर उपाय काय, ते पाहू.

शेत आणि अंगण यांत फरक काय?

पूर्णा प्रकल्पाच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे पाणी वसमत भागाला मिळते. इसापूर धरणाच्या कालव्यांचा लाभ कळमनुरीच्या काही भागाला होतो. पाणी आल्यावर या पट्ट्यात केळी वाढली. पण शेतकरी नुसते पाणी देत नाही. जमिनीला उतार असतो, चर काढलेले असतात, ठिबक असते आणि बुंध्याला मातीची भर दिलेली असते. जास्तीच्या पाण्याला बाहेर पडायला वाट असते.

अंगणात ही वाट बंद झालेली असते. घर बांधताना यंत्रांनी आणि मालाच्या ट्रकने जमीन दाबली जाते. वर मुरमाचा भराव पडतो. त्यात विटांचे तुकडे, सिमेंट आणि गिलाव्याचा कचरा मिसळतो. चारी बाजूंनी कंपाउंडची भिंत उभी राहते. बरेचदा छताचे पाणीही त्याच कोपऱ्यात पडते. म्हणजे वरून पाणी जास्त आणि खाली जायला रस्ता कमी.

काळी माती नेमके काय करते?

मराठवाड्यातील काळी माती ही दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून हा खडक बनला. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकण खनिजाचे प्रमाण मोठे असते. या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की ती आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच.

इंजिनिअरिंगच्या मृदा प्रयोगशाळेत याची साधी चाचणी असते. १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. २४ तासांनी पाहिले तर काळ्या मातीचा पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट, कधी दुप्पट झालेला दिसतो. घरांच्या भिंतींना तडे जातात ते याच गुणामुळे. केळीच्या मुळांची अडचणही हीच आहे. माती फुगली की तिच्यातली छिद्रे बंद होतात आणि हवा संपते.

केळीची बहुतेक मुळे वरच्या दीड फुटात असतात. ती मांसल आणि नाजूक असतात व त्यांना सतत हवा लागते. आपण ज्याला खोड म्हणतो ते खरे तर पानांच्या देठांची गुंडाळी असते. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. पाणी दोन-चार दिवस साचून राहिले तर आधी मुळे गुदमरतात आणि मग कंद कुजतो.

खड्डा कुठे चुकतो?

घट्ट काळ्या मातीत खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत माती भरली, की जमिनीत न दिसणारी एक बादली तयार होते. पावसाचे पाणी भुसभुशीत भागात पटकन शिरते, पण तळ आणि बाजू घट्ट असल्याने तिथेच अडकते. खड्डा जितका खोल आणि आतली माती जितकी चांगली, तितकी बादली मोठी. वरून जमीन कोरडी दिसते आणि खाली कंद पाण्यात उभा असतो.

यात आणखी एक फसगत आहे. मुळे गुदमरली की पाने पिवळी पडतात आणि माना टाकतात. तहानलेले झाडही तसेच दिसते. मग घरातले कोणीतरी आणखी एक बादली पाणी ओतते.

गंमत म्हणजे यावरचा उपाय जिल्ह्याला आधीच माहीत आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही हळद अनेक शेतकरी गादीवाफ्यावर लावतात, कारण पाणी साचले की कंदकुज होते. केळीचाही जमिनीखाली कंदच असतो. हळदीला वाफा उंच करणारे आपण अंगणात केळीला मात्र खड्डा खणतो.

माती कोणती आहे, घरी कसे ओळखाल?

हिंगोली जिल्ह्यात सगळीकडे एकच माती नाही. कयाधू आणि पूर्णा नद्यांच्या काठी खोल काळी जमीन आहे. सेनगाव, औंढा नागनाथ भागातील माळावर एखाद्या फुटाखाली मुरूम लागतो. त्यामुळे आधी तीन चाचण्या करा.

पहिली, पाणी मुरण्याची. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. तो पाण्याने भरा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती उतरते ते पट्टीने मोजा. तासाला एक सेंटीमीटरही उतरत नसेल तर निचरा वाईट आहे. दोन ते दहा सेंटीमीटर उतरत असेल तर ठीक. त्याहून जास्त उतरत असेल तर खाली मुरूम आहे. रात्रभर भिजवण्याची पायरी टाळू नका. मे महिन्यात भेगांतून पाणी झरझर निघून जाते आणि निचरा उत्तम आहे असे वाटते. तीच माती जुलैत फुगून बंद होते.

दुसरी, चुनखडीची. वाळलेल्या मातीवर थोडे व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर मातीत चुनखडी आहे. जितके जास्त फसफसेल तितकी चुनखडी जास्त.

तिसरी, क्षारांची. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर येतो का ते पाहा. पाऊस पडून गेल्यावर माती डांबरासारखी चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी कडक होत असेल, तर ती चोपण होत चालली आहे. शंका असेल तर प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात याची चौकशी करता येते. अहवालात सामू, क्षारता, चुनखडी आणि सेंद्रिय कर्ब एवढे चार आकडे आधी बघा. केळीला साधारण ६.५ ते ७.५ सामू मानवतो. आपल्याकडील काळ्या जमिनींचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो.

काळ्या मातीत उंचवटा कसा करायचा?

जागेवरची माती कुदळीने अर्धा फूट खणून मोकळी करा, पण उचलून काढू नका. खालची घट्ट आणि वरची भुसभुशीत माती एकमेकींत मिसळली पाहिजे. त्यावर गोल उंचवटा करा. तळाचा व्यास दीड मीटर, माथ्याचा एक मीटर आणि उंची ४५ सेंटीमीटर पुरे. याचे आकारमान साधारण अर्धा घनमीटर होते, म्हणजे ३५ ते ४० घमेली.

मिश्रण सोपे आहे. चार घमेली अंगणातली वरची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक घमेले चाळलेला मुरूम. ताजे शेण नको. त्याने हुमणी येते आणि कुजताना मुळांना चटका बसतो. चिकण मातीत थोडीशी बारीक वाळू मिसळून फायदा होत नाही, उलट गोळा अधिक घट्ट होऊ शकतो. माती मोकळी होते ती सेंद्रिय पदार्थाने.

उंचवट्याभोवती वीतभर खोल चर काढा आणि तो अंगणाच्या उताराकडे न्या. छताच्या पाण्याचा पाइप इथे सोडू नका. पहिल्या वर्षभरात उंचवटा खचतो, त्यामुळे दर चार महिन्यांनी खत-मातीची भर द्या. केळीचा कंद दरवर्षी थोडा वर सरकतो, म्हणून ही भर तशीही लागतेच.

एक सूचना घरासाठी. केळ भिंतीपासून किमान अडीच-तीन मीटर दूर असावी. केळीच्या मुळांनी भिंत फुटत नाही. पण पायालगत रोज पाणी मुरले की तिथली काळी माती फुगते, बाकीची कोरडी राहते आणि या ओढाताणीत भिंतीला तडे जाऊ शकतात.

मुरूम असेल तर?

इथे उलटे करावे लागते. पाणी थांबत नाही, म्हणून खड्डाच हवा. तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घेऊन त्यात तळ्याचा गाळ, शेणखत आणि निघालेला मुरूम समप्रमाणात भरा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे तलावाचा गाळ अनेक गावांत पोहोचला आहे. पण नुसता गाळ भरू नका. तो स्वतःच चिकण माती आहे. खड्डा घेताना खाली अखंड पाषाण लागला तर मात्र पाणी तिथे अडते. अशा वेळी पुन्हा उंचवटाच बरा.

बांधकामाचा भराव असेल तर निदान दोन फुटांपर्यंतचा सिमेंट-गिलाव्याचा कचरा वेचून बाहेर काढा. तो आधीच जास्त असलेला सामू आणखी वाढवतो. पांढरे क्षार फुटणाऱ्या जागी जमिनीत लावूच नका. तिथे तळाला भोके पाडलेला, अर्धा कापलेला २०० लिटरचा ड्रम वापरा.

चुनखडी काढून टाकता येते का?

व्हिनेगर, लिंबाच्या साली, ताक टाकून सामू उतरवण्याचे सल्ले समाजमाध्यमांवर भरपूर मिळतात. गणित करून पाहू. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १३०० किलो. तिच्यात १० टक्के चुनखडी असेल तर ती १३० किलो झाली. एक किलो गंधकापासून तयार होणारे आम्ल साधारण तीन किलो चुनखडी संपवते. म्हणजे एका घनमीटरला ४० किलोहून जास्त गंधक लागेल, तेही एका केळीच्या जागेला. चमचाभर व्हिनेगरने काही होणार नाही.

जिप्समचेही तसेच आहे. सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीत ते उपयोगी पडते, चुनखडी मात्र त्याने कमी होत नाही. म्हणून तपासणीशिवाय जिप्सम टाकण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा चुनखडीसोबत राहायला शिकावे. अशा मातीत लोह आणि जस्त असले तरी झाडाला मिळत नाही. नवी पाने फिकट पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. ते दिसले तर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि लिंबाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी पानांवर फवारा. केळीचे पान मेणचट असल्याने सोबत स्टिकर वापरा. पंधरा दिवसांनी पुन्हा फवारा. जस्तासाठी झिंक सल्फेटची तेवढीच मात्रा वेगळ्या दिवशी द्या. खालची जुनी पाने पिवळी पडत असतील तर कारण वेगळे. आधी बुंध्याजवळ हात घालून माती चिखल झाली आहे का ते बघा.

पाणी किती आणि कोणते?

जिल्ह्याचा पाऊस सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास आणि तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. पावसाळ्यात केळीचा प्रश्न जास्तीच्या पाण्याचा, तर एप्रिल-मेमध्ये टंचाईचा. वाढलेल्या केळीला उन्हाळ्यात रोज साधारण १५ ते २० लिटर पाणी लागते. तीन केळी म्हणजे महिन्याला १३५० ते १८०० लिटर. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या घराने हा हिशेब लावण्यापूर्वी करावा.

मग सांडपाणी द्यावे का? भांडी विसळलेले पहिले तेलकट पाणी सोडून नंतरचे पाणी आणि कमी साबणाचे आंघोळीचे पाणी चालते. कपडे धुतलेले पाणी टाळा. धुण्याच्या पावडरीत सोडियम असतो. तो चिकण मातीचे कण सुटे करून छिद्रे बुजवतो आणि दोन-तीन वर्षांत तो कोपरा चोपण होऊ शकतो. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणीही नको. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात.

पाण्याची बचत आच्छादनाने होते. उसाचे पाचट, हळदीचा वाळलेला पाला, सोयाबीनचे भुसकट यांपैकी जे मिळेल त्याचा वीतभर थर उंचवट्यावर द्या. बुंध्याला चिकटू देऊ नका. आच्छादनाखाली भेगाही कमी पडतात आणि मुळे तुटत नाहीत.

कोणते रोप, किती खत?

बाजारात सर्वात सहज मिळते ते ग्रँड नैनचे टिश्यू कल्चर रोप. अर्धापुरी हा या भागातला जुना वाण. मुनवा घेणार असाल तर तलवारीसारख्या अरुंद पानांचा, अर्धा ते पाऊण किलो वजनाचा घ्या. रुंद पानांचे पाणमुनवे दिसायला टवटवीत असले तरी त्यांचा कंद लहान आणि वाढ कमजोर असते. मर किंवा पर्णगुच्छ रोग असलेल्या बागेतून मुनवा आणू नका. पाणी कमी असेल तर भाजीच्या केळीचा विचार करा. ती ज्या गटातली आहे, तो ताण अधिक सोसतो.

उंचवटा तयार असेल तर जून-जुलैमध्ये लावा. नसेल तर घाई करू नका. पावसाळ्यात उंचवटा बसू द्या आणि कांदेबागेच्या वेळी, ऑक्टोबरमध्ये लावा.

राज्यात केळीसाठी प्रतिझाड २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. पिशवीच्या भाषेत वर्षभरात सुमारे ४३५ ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ३३५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. सुपर फॉस्फेट लागवडीला द्या. युरिया आणि पोटॅश महिन्याला थोडे-थोडे, बुंध्यापासून वीतभर दूर, मातीत मिसळून द्या. चुनखडीच्या मातीवर युरिया उघडा राहिला की त्यातले नत्र हवेत उडून जाते.

एका बुंध्याला एकच घड येतो. म्हणून आई, लेक आणि नात एवढीच तीन झाडे एका जागी ठेवा. बाकीचे मुनवे दर पंधरा-वीस दिवसांनी विळ्याने कापा. घड पडल्यावर बांबूचा टेकू द्या. मे-जूनच्या वादळी वाऱ्यात घडाच्या वजनानेच झाड मोडते. लागवडीपासून घड कापेपर्यंत साधारण वर्ष जाते.

केव्हा लावू नये?

उन्हाळ्यात रोज एक बादलीही देता येत नसेल, जमिनीत क्षार फुटत असतील आणि ड्रमची तयारी नसेल किंवा मोकळी जागा फक्त पायालगतच असेल, तर केळ न लावलेलीच बरी. त्या जागी शेवगा, सीताफळ कमी पाण्यात जगतात. मात्र शेवग्यालाही साचलेले पाणी चालत नाही, त्यामुळे काळ्या मातीत त्यालाही थोडा उंचवटा लागतोच.

बाकी घरांनी यंदा नदीकाठची माती विकत आणण्याआधी एक फुटाचा खड्डा खणून त्यात पाणी भरून ठेवावे. दुसऱ्या दिवशी पट्टी जे सांगेल त्यावर ठरवावे की केळ जमिनीत लावायची की जमिनीच्या वर. आमच्या घरामागे पट्टीने तासाला अर्धा सेंटीमीटर दाखवला. या पावसाळ्यापूर्वी तिथे ३८ घमेल्यांचा उंचवटा झाला आहे. शेजाऱ्यांना तो अजूनही मातीचा ढिगाराच वाटतो.